नमुना क्रमांक सात

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
चिंगीचा सा. न. वि. वि.

पत्र उभ्याने वाचत असशील तर आधी बस. फोनवर हे सांगणार होते, पण फोनवर तू मध्येच बोलतेस आणि मग माझं राहून जातं. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही.

तर झालं असं, की आमच्या नगरपालिकेने घरांच्या पॅटर्नचं पुस्तक काढलं आहे. चाळीस वर्षं मी शर्टांचे, फ्रॉकचे, कोटांचे पॅटर्न चाळले, पण घरांचे पॅटर्न पहिल्यांदाच पाहिले. बारा नमुने आहेत. ज्यांच्या आवारात मोकळी जागा आहे त्यांनी एक निवडायचा, अर्जावर क्रमांक लिहायचा, आणि पंधरा दिवसांत परवानगी. नकाशे आधीच मंजूर आहेत. अट एकच, नमुन्यात एका इंचाचाही फरक करायचा नाही.

पुस्तक घेऊन मी मागच्या दारात उभी राहिले आणि उरलेल्या कापडाकडे बघतात तसं आवाराकडे पाहिलं. ह्यात काय बसेल? ताई, ह्यात तू बसतेस. मी मोजून पाहिलं. नमुना सात म्हणजे एक ऐसपैस खोली, स्वयंपाकघर, न्हाणीघर, आणि पायरी एकही नाही. तुझ्या जिन्याला बासष्ट आहेत. मागच्या पत्रात तू सहज लिहून गेलीस, की हल्ली पाव आणि दूध दोरीला टोपली बांधून वर ओढून घेतेस. तुला त्याची गंमत वाटली. मला नाही वाटली.

ह्यांना अजून सांगितलेलं नाही. ह्यांचे टोमॅटो नेमके नमुना सातच्या स्वयंपाकघरात येतात.

लोभ आहे तो असाच असू दे, आणि उत्तर ‘नाही’ असेल तर पोस्टाला त्रास देऊ नकोस.

तुझी,
चिंगी


११ फेब्रुवारी

चि. चिंगीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी उभ्यानेच वाचलं. एकदा बसले की उठायला वेळ लागतो.

सर्व्हे कचेरीत चौतीस वर्षं मी ड्रॉइंग बोर्डावर वाकून नकाशे काढले. माझ्या टेबलावरून चुकलेली रेघ कधी पुढे गेली नाही. आणि आता उतारवयात मी कॅटलॉगमधल्या रेडिमेड घरात राहायला जाऊ? तू गिऱ्हाइकाच्या खांद्याचं माप घेतल्याशिवाय कैची उचलत नाहीस, आणि बहिणीला मात्र तयार मापात कोंबायला निघालीस.

दुसरं असं, की बहिणीच्या दारात बसलेली म्हातारी बहीण मला पाहवत नाही, मग ती मी का असेना. आई गेली तेव्हा तू सात वर्षांची होतीस. तुझ्या वेण्या मी घातल्या, तुझं नाक मी पुसलं, तुझ्या हातात पहिली सुई मी दिली. आता तू माझं सगळं बघणार, ही उलटी गंगा मला झेपायची नाही.

मेहुण्यांना नमस्कार आणि टोमॅटोंना अभय सांग.

तुझी,
ताई

ता. क. पुस्तक पाठवून दे. नुसतं पाहायला काय जातं? चुका काढायला बरं.


३ मार्च

चि. चिंगीस,
अ. उ. आ.

पुस्तक मिळालं. दोन दिवस ते टेबलावरून हललं नाही आणि मीही हलले नाही. नमुना चारच्या न्हाणीघरात माणूस आत गेला की दार लागत नाही. दार लावायचं तर माणसाला बाहेर राहावं लागेल. नमुना नऊच्या पोटमाळ्यावर फक्त मांजर ताठ उभं राहू शकेल. सातमध्ये कपाटाचं दार आणि न्हाणीघराचं दार एकमेकांवर आपटतात. मी स्केच काढून नगरपालिकेला कळवलं. उत्तर आलं, की सूचनेबद्दल आभारी आहोत, नमुन्यात बदल करता येत नाही. शिक्का वाकडा मारला आहे.

पण सातची खिडकी ज्याने काढली तो शहाणा असला पाहिजे. ओट्याशी उभं राहिलं की बरोबर डोळ्यांसमोर येते. मी माझ्या ओट्याशी उभी राहून पाहिलं. इथे डोळ्यांसमोर भिंत येते.

एक बातमी. आमच्या इमारतीचा मालक बदलला. नव्याने करार पाठवला आहे, की पुढची तीन वर्षं राहायचं असेल तर सही करा, नाहीतर ऑगस्टअखेर जागा मोकळी करा. मी अजून सही केलेली नाही. त्याचा अर्थ तू लावू नकोस, मी लावलेला नाही.

येईनच असं नाही. पण आले तर माझं दार मागच्या गल्लीत उघडलं पाहिजे. तुझ्या अंगणात नाही. सातचं दार आणि मोठी खिडकी एकाच अंगाला आहेत, ते अंग गल्लीकडे ठेव. माझ्याकडे कोण आलं, मी किती वाजता उठले, माझं दूध उतू गेलं का, हे तुला दिसता कामा नये. हे मान्य नसेल तर टोमॅटो लाव. आणि जमिनीवरची आखणी दुसऱ्या कुणाला करू देऊ नकोस. तुझा हात अर्ध्या सुताने चुकत नाही, कारण तो मी तयार केला आहे.

लोभ ठेव, पण लुडबुड नको.

तुझी,
ताई


१८ एप्रिल

ती. ताईस,
चिंगीचा सा. न. वि. वि.

परवानगी तेराव्या दिवशी हातात पडली. खिडकीवरच्या कारकुनाने मला विचारलं, की बाई, तुम्ही नाचताय का. मी म्हटलं, नाही, रांगेत पाय अवघडले. नाचतच होते.

ह्यांना सांगितलं तेव्हा डोळ्याला भिंग लावून ते कुणाचंतरी मनगटी घड्याळ उघडून बसले होते. भिंग न काढता त्यांनी विचारलं, की ताई खरंच येणार का. मी म्हटलं, येणार असं समजून चाला. मग त्यांनी एकोणीस बादल्या जमवल्या आणि सगळे टोमॅटो एकेक करून हलवले. आता बादल्या आमच्या मागच्या दारापाशी ओळीने मांडल्या आहेत आणि मला घरातून बाहेर पडायला तिरकं व्हावं लागतं.

आखणी तुझ्या हुकुमाप्रमाणे मी केली. नमुना सातचा नकाशा बटर पेपरवर उतरवून घेतला, कटिंगच्या टेबलावर पसरला, चारी कोपऱ्यांना टाचण्या लावल्या, सगळी मापं काढली आणि दोरी, खुंट्या, चुन्याची फक्की घेऊन आवारात उतरले. गवंडीदादा हाताची घडी घालून गालात हसत उभे होते. नंतर त्यांनी आपली दोरी लावून दोन्ही कर्ण मोजले. ते तंतोतंत सारखे निघाले तेव्हा त्यांनी विचारलं, की आधी कुठल्या कंत्राटदाराकडे होता. मी सांगितलं, लेडीज आणि जेन्ट्स दोन्ही शिवते.

पालिकेकडून नकाशांचे दोन संच मिळतात, एक सरळ आणि एक उलट, ज्याचं आवार जसं असेल तसं. गवंडीदादांनी माझ्या रेषांशी जुळणारा संच उचलला आणि दुसरा ह्यांना बादल्यांवर सावली धरायला दिला.

सोबत फोटो आहे, ह्यांनी गच्चीवरून काढलेला. तुझ्या दारात मी उभी आहे, वर बाण केला आहे. सगळ्या खोल्यांमधून फिरून आले, पण दारातूनच गेले, भिंत ओलांडून नाही. ह्यांनी विचारलं, ही काय पोरकटपणाची तऱ्हा. मी म्हटलं, ताई बघतेय असं समजा.

चुका काढून कळव, म्हणजे पाया खणायला घेऊ. तुझ्या बोलण्याची सवय आहे, लोभ त्यातच धरते.

तुझी,
चिंगी


२६ एप्रिल

चि. चिंगीस,
अ. उ. आ.

फोटो मिळाला. रेषा सरळ आहेत. काटकोन काटकोनात आहेत. मला काही सांगायचं नाही. काम चालू दे.

उजवा गुडघा बरा आहे. डावा त्याचं ऐकत नाही.

उन्हात उभी राहतेस तेव्हा डोक्याला काहीतरी बांध.

तुझी,
ताई


२० जून

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

हे पत्र हिला न सांगता लिहितो आहे. आजवर हिला न सांगता मी फक्त एक रेडिओ घेतला होता, आणि तोही परत करावा लागला.

मागच्या पत्रात तुम्हाला काही सांगायचं नाही, हे वाचून आम्ही दोघं घाबरलो होतो. तुम्हाला ताप तर नाही ना, असं हिने मला तीनदा विचारलं, जणू मी तिथे येऊन हात लावून पाहिला आहे. पण तो विषय वेगळा.

काल सकाळी मी आमच्या स्वयंपाकघरात चहा ठेवत होतो. खिडकीतून पाहिलं तर समोर तुमच्या घराची चौकट बसवत होते. मी गवंडीदादांना हात केला. त्यांनी चौकटीतून मला हात केला. मी गाळणं घेतलं, चहा गाळला, दोन घोट प्यायलो आणि मग माझ्या लक्षात आलं, की तुमची चौकट गल्लीकडे असेल तर तिच्यातून गवंडीदादा मला दिसायला नकोत.

ताई, दार आमच्या अंगणात उघडतं. मोठी खिडकीही. गल्लीकडे न्हाणीघराचा झरोका तेवढा आहे. भिंती छतापर्यंत गेल्यात. आम्ही दोघं दोन महिने त्या घराभोवती फिरत होतो, पण ही टेप घेऊन जाडी मोजत होती आणि मी बादल्या मोजत होतो.

हिने टेप काढून सगळं पुन्हा मोजलं. प्रत्येक माप बरोबर आहे. घर अर्ध्या सुतानेही चुकलेलं नाही, फक्त अख्खंच्या अख्खं उलटं आहे. मग ही कटिंगच्या टेबलापाशी गेली आणि तिथेच बसली. शिंपी कापडाची उलटी बाजू वर करतात आणि त्यावर पॅटर्न पालथा घालून खडूने आखतात, म्हणजे सुलट बाजूला सगळं जिथल्या तिथे येतं. चाळीस वर्षांच्या हाताने बटर पेपरही तसाच पालथा घातला होता. आरपार दिसतो, त्यामुळे रेषा दिसल्या, उलट्या आहेत हे दिसलं नाही. कापडाला उलटी बाजू असते, जमिनीला नसते, एवढाच फरक राहून गेला.

हिने कालपासून तुम्हाला लिहायला दहा कागद घेतले आणि दहाही फाडले. मी घड्याळजी माणूस. काटे उलटे फिरत असतील तर उघडून बघतो, पण घराला तशी झाकणी नसते. तुम्ही रागवाल ते बरोबरच आहे. फक्त जरा हळू रागवा.

आपला,
मेहुणा

ता. क. टोमॅटोंना फुलं आली आहेत.


२७ जून

चि. चिंगीस,
अ. उ. आ. (हे सवयीने लिहिलं गेलं. आज मनात तसं काही नाही.)

मेहुण्यांचं पत्र आलं. त्यांच्यावर ओरडू नकोस, त्यांनी तुझ्यापेक्षा नीट लिहिलं आहे.

मी एक अट घातली होती. एकच. गल्लीकडे दार. आणि तू मला काय दिलंस, तर गल्लीकडे झरोका. आता माझ्याकडे कुणी आलं तर ते तुमच्या घरावरून, बादल्यांवरून उड्या मारत येणार, आणि तू खिडकीतून विचारणार, की कोण, कशाला, चहा घेणार का. मी सकाळी दार उघडलं की समोर तू. संध्याकाळी खिडकी लावायला गेले की समोर तू. चौतीस वर्षं कचेरीत वरिष्ठ पाठीमागे असायचे, आता समोर.

करार टेबलावर आहे. पेन शेजारीच आहे. पेनात शाई आहे.

तुझी,
ताई


५ जुलै

ती. ताईस,
चिंगीचा सा. न. वि. वि.

ताई, चूक माझी. गवंडीदादांची नाही, ह्यांची नाही, पुस्तकाची नाही. तू विश्वासाने एक काम माझ्या हातात दिलंस आणि मी ते पालथं घातलं.

काल नगरपालिकेची पाहणीवाली मुलगी आली होती. तिच्याकडे लाल ठिपक्याने मोजायचं यंत्र आहे. तिने कोपरा न् कोपरा मोजला आणि म्हणाली, इतकं काटेकोर घर तिने ह्या योजनेत पाहिलेलं नाही, आणि इतकं नेमकं उलटंही नाही. मी विचारलं, की दार बुजवून गल्लीकडे नवं पाडलं तर. ती म्हणाली, तो बदल झाला, बदल चालत नाही. उलट मात्र चालतं, कारण उलट नमुना पुस्तकातच आहे. अर्जावर ‘सरळ’ची खूण खोडून ‘उलट’वर करायची आणि जिने तिथे राहायचं आहे तिची सही आणायची, की हे मला चालेल.

तो कागद सोबत आहे. म्हणजे आता तुझ्या टेबलावर दोन कागद झाले. तुला हे चालत नसेल तर तसं लिही, मी घर उतरवते. उसवायचं मला येतं. आयुष्यभर जेवढं शिवलं तेवढंच उसवलंही आहे, त्याची लाज नाही वाटत. पुन्हा सरळ बांधू, फक्त तोवर ऑगस्ट उलटून जाईल आणि तू सही करून बसलेली असशील.

मी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीला पडदा शिवला आहे, जाड कापडाचा, आतून दुहेरी अस्तर लावून. त्यातून उजेडही येत नाही. हे म्हणतात, आता दिवसा दिवा लावून चहा करावा लागतो. लावू. मी बघणार नाही, ताई. तुझं दूध खुशाल उतू जाऊ दे.

आता जे दहा कागदांवर लिहून फाडलं ते लिहिते. मला भीती वाटते. त्या जिन्यावर तू कधीतरी पडशील आणि मला ते चार दिवसांनी पत्राने कळेल, तेही दुसऱ्या कुणाच्या अक्षरात. दार कुठल्या का बाजूला असेना, तू पायरी नसलेल्या घरात असावंस, एवढंच मला हवं होतं. माझ्या वेण्या तू घातल्यास त्याची परतफेड मला करायची नाही. मला फक्त तू जवळ हवी आहेस.

रागाने का होईना, पण लोभ ठेव.

तुझी,
चिंगी


२१ जुलै

(कार्ड)

चि. चिंगीस अ. उ. आ. दोन्ही कागद समोर आहेत. विचार चालू आहे. कपाटाचं दार न्हाणीघराच्या दारावर आपटतं का, आणि आपटल्यावर आवाज होतो का, ते कळव. — ताई


२६ जुलै

(कार्ड)

ती. ताईस सा. न. वि. वि. आपटतं. होतो. हे सारखे जाऊन आपटून येतात आणि म्हणतात, ताई बरोबर होत्या. — चिंगी


३० ऑगस्ट

चि. चिंगीस,
अ. उ. आ. (ह्या खेपेला मनापासून.)

सामान येऊन चार दिवस झाले, तरी तू माझ्याकडे एकदाही डोकावली नाहीस. चारही दिवस तुझा तो पडदा बंद आहे. काल तू अंगणातून कपडे वाळत घालायला गेलीस ती माझ्याकडे पाठ करून, खेकड्याच्या चालीने. मेहुणे बादल्यांना पाणी घालतात ते डोळे मिटून. अर्धं पाणी त्यांच्या चपलांवर पडतं. तुम्ही दोघं इतका शब्द पाळाल असं वाटलं नव्हतं.

समोर बोलले असते, पण समोर तू मध्येच रडशील आणि मग माझं राहून जाईल. म्हणून लिहिते आहे. पत्र मेहुण्यांच्या हाती देते. बारा पावलांवर पोचवायचं आहे असं सांगितलं, तर विचारत होते की तिकीट लावायचं का.

आता ऐक. एप्रिलमध्ये तुझा फोटो आला तेव्हा मी भिंग घेऊन बसले. तू दारात उभी होतीस, डोक्यावर बाण, तोंडभर हसू. तुझ्या पुढ्यात टोमॅटोच्या बादल्या होत्या. तूच लिहिलं होतंस, की बादल्या तुमच्या मागच्या दारापाशी आहेत. मग ज्या दारात तू उभी होतीस ते कुठे तोंड करून होतं, हे कळायला मला भिंगाचीही गरज नव्हती. तेव्हा नुसती फक्की होती, चिंगे. पायाला कुदळ लागलेली नव्हती. झाडून टाकली असती आणि अर्ध्या दिवसात पुन्हा आखली असती.

मी लगेच कागद घेतला. ‘चिंगे, उलटं झालंय, काम थांबव’ एवढं लिहिलं. पाकिटावर पत्ता घातला. मग पाणी प्यायला उठले आणि माझ्या ओट्याशी उभी राहिले. समोर भिंत. आणि मनात आलं, की सातच्या खिडकीतून तू दिसशील. मी कधी तोंडाने म्हटलं नसतं, की मला तुझ्या समोर राहायचं आहे. तसं म्हणायची सवयच नाही मला, आणि ह्या वयात लागायची नाही. पण तू चुकून दिलंस, तर घ्यायला मला कुणाची परवानगी लागत नव्हती. लिहिलेला कागद फाडायची खोड आपल्या घराण्यातच आहे. तो मी फाडला आणि दुसरा लिहिला, की रेषा सरळ आहेत, मला काही सांगायचं नाही. त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं.

जूनमध्ये रागावले ते नाटक होतं. जरा जास्तच वठलं. तू भीतीचं लिहिलंस ते वाचून मला दोन दिवस जेवण गेलं नाही, आणि मी त्याच दिवशी तुमच्या कागदावर सही केली. पाठवली उशिरा, कारण लगेच पाठवली असती तर तुला संशय आला असता.

कचेरीत चौतीस वर्षं माझ्या टेबलावरून एकही चुकलेला नकाशा पुढे गेला नाही. हा एक मी जाऊ दिला.

तेव्हा तो पडदा काढ आणि त्याचा मेहुण्यांना कोट शिव. उद्या सकाळी चहा ठेवशील तेव्हा मान वर कर. मी ओट्याशी असेन. बोलू नकोस, हात कर, एवढं पुरे. दूध उतू जात असेल तर मात्र ओरड.

लोभ वाढवायला आता अंतरच उरलं नाही, आहे तेवढा रोज समोर दिसू दे.

तुझी समोरची,
ताई